फोटोग्राफी चांगली आहे

सिनेमा पाहून नुकत्याच आलेल्या माणसाला ‘कसा आहे?’ असे कधी विचारू नये. आजारातून उठलेल्या माणसाची प्रकृती विचारली की तो पहिल्या शिंकेपासून सुरुवात करतो. तसा हा गृहस्थ रिक्षा कशी मिळाली नाही इथपासून सुरू होतो. रिक्षा, तिकिटाची रांग, रांगेत भेटलेला मेहुण्याचा साडू, पुढच्या खुर्चीतल्या बाईंचा अंबाडा, मध्यंतरातला बटाटेवडा आणि त्यात नसलेले आले, असा मुक्काम करीत करीत तो सिनेमापाशी येतो तेव्हा तुमची बस आलेली असते. तुमचा एक पाय बसच्या पायरीवर असताना तो मागून ओरडतो, “बघा हो! एकदा बघायला हरकत नाही!”

या ‘हरकत नाही’चा मी गेली पन्नास वर्षे विचार करतो आहे. हापूस आंब्याबद्दल कोणी ‘एकदा खायला हरकत नाही’ म्हणत नाही. पण सिनेमा दिसला की आपल्यातला मामलेदार जागा होतो. मराठी माणूस चित्रपटाला प्रशस्तिपत्र सहसा देत नाही. ना-हरकत दाखला देतो. फारच खूश झाला तर ‘वाईट नाही’ म्हणतो. ‘वाईट नाही’च्या वर आमच्याकडे पायरीच नाही.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात नाना होते. नाना दर रविवारी सिनेमाला जात आणि संध्याकाळी ओट्यावर सुपारी कातरत बसत. आम्ही पोरे त्यांच्याभोवती जमायचो.

“नाना, कसा आहे?”

“गर्दी होती.”

“पण सिनेमा कसा आहे?”

“पंखा आमच्या डोक्यावर नव्हता.”

“अहो, पण गोष्ट?”

“गोष्ट आहे,” नाना म्हणायचे आणि सुपारीचे खांड तोंडात टाकायचे.

त्या वेळी मला नानांचा राग यायचा. आता वाटते, नाना फार प्रामाणिक होते. पंख्याखाली बसलेल्याचे मत आणि पंख्याबाहेर बसलेल्याचे मत कधीच एक नसते, हे वर्तमानपत्रात चांदण्या वाटणारे समीक्षक तुम्हाला सांगत नाहीत. त्यांना गार हवेत फुकट बसवलेले असते. नानांनी तिकीट काढलेले असायचे.

तिकीट काढलेल्या माणसाच्या मताची सगळी मेख त्या तिकिटात आहे. ‘पैसे वसूल’ हा शब्द आपण हसण्यावारी नेतो, पण तो दादासाहेब फाळक्यांच्या वेळेपासून चालत आलेला आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो या देशातला पहिला लांबीचा कथापट. मुंबईत तो चालला. मग तो सुरतेला गेला, तिथे पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये झाला, अशी हकीकत सांगतात. तिथल्या लोकांचे म्हणणे साधे होते. नाटक कंपनी दोन आण्यांत सहा तास दाखवते, आणि हे गृहस्थ तीन आण्यांत दीड तासात घरी पाठवतात! अभिनय, कला, स्वदेशी वगैरे गोष्टी नंतर. आधी तासाला किती पडले ते सांगा. फाळके नाशिकच्या बाजूचे. त्यांनी म्हणे लगेच जाहिरात केली: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, फक्त तीन आण्यांत! दुसऱ्या दिवसापासून गल्ला भरू लागला.

मी बँकेत जन्म काढल्यामुळे मला हिशेब तपासल्याशिवाय झोप येत नाही. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. सत्तावन्न हजार भागिले सोळा म्हणजे साडेतीन हजार फुटांच्या थोडे वर. मैल बावन्नशे ऐंशी फुटांचा. म्हणजे दोन सोडा, पुरता पाऊण मैलसुद्धा भरत नाही. पण सुरतेतल्या एकाही व्यापाऱ्याने ही बेरीज-वजाबाकी केली नाही, यावरून प्रेक्षकाला मोजमाप हवे असते ते खरे असायलाच हवे असे नाही, हे फाळक्यांनी एकशे दहा वर्षांपूर्वीच ओळखले होते.

असो. सांगायचा मुद्दा वेगळाच होता. ओट्यावरच्या, कट्ट्यावरच्या आणि कचेरीतल्या मतांमध्ये एक मत असे आहे की त्याच्याइतके घातक मत दुसरे नाही. ते म्हणजे ‘फोटोग्राफी चांगली आहे’. वरवर पाहता हे कौतुक वाटते. पण मुलगा कसा आहे असे विचारल्यावर ‘त्याचे अक्षर छान आहे’ असे उत्तर आले तर मुलीचा बाप जे समजायचे ते समजतो. ‘फोटोग्राफी चांगली आहे’ म्हणजे गोष्ट कळली नाही, किंवा कळली आणि आवडली नाही, किंवा आवडली पण तसे कबूल करण्याची चोरी आहे. यातला तिसरा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला. त्याची हकीकत पुढे येईल.

१९७५ साली मी बावीस वर्षांचा होतो आणि बँकेत चिकटून वर्ष झाले होते. त्या सालाइतके मतांचे पीक पुढे कधी आले नाही. जानेवारीत ‘दीवार’ आला. त्याच वर्षी मराठीत एकीकडे ‘सामना’ आणि दुसरीकडे दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’. आणि १५ ऑगस्टला, शुक्रवारी, मुंबईत ‘शोले’ लागला. आमच्या शाखेतले एक हेडक्लार्क शनिवारची रजा टाकून मुंबईला बहिणीकडे गेले होते. सोमवारी ते खुर्चीवर बसायच्या आधीच सगळी शाखा त्यांच्याभोवती गोळा झाली. काउंटरपलीकडचे खातेदारही पासबुके हातात धरून कान देऊन उभे.

हेडक्लार्कांनी चष्मा पुसला. “पडला,” ते म्हणाले. “पडला म्हणजे पडला. फार लांब आहे. आणि तो खलनायक! आवाज बघा काय त्याचा. असल्या आवाजाच्या माणसाला आपण पेन्शनच्या खिडकीवरसुद्धा बसवणार नाही.”

हे मत त्यांचे एकट्याचे नव्हते. पहिल्या आठवड्यात धंद्यातले भले भले लोकही हेच बोलत होते. अमजदखानचा आवाज बारीक आहे, हा त्या वेळी मोठा मतभेदाचा नव्हे, मतैक्याचा विषय होता. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊकच आहे. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे मुक्काम ठोकून राहिला. नुसत्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि तोच बारीक आवाज गणपतीच्या मांडवातून कर्ण्यावर ऐकू येऊ लागला. दिवाळीपर्यंत आमचे हेडक्लार्क नव्या आलेल्या शिपायाला सांगत होते, “मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं!” म्हटले होते हे खरेच होते. काय म्हटले होते ते शिपायाला माहीत नव्हते.

हेडक्लार्कांना हसणे सोपे आहे. पण फिल्मफेअरवाल्यांनी तरी काय केले? ‘शोले’ला एकच बक्षीस दिले, ते संकलनाचे. ते घेणारे एम. एस. शिंदे मराठी होते, याचा आम्हाला आनंद झाला खरा. पण संकलनाचे बक्षीस म्हणजे कापले ते चांगले कापले! उरले त्याबद्दल कोणी काही बोलेना. मला तर ते ‘फोटोग्राफी चांगली आहे’चेच भावंड वाटले.

(नानांनी ‘शोले’ पाहिल्यावर काय म्हटले, असे तुम्ही विचाराल. ‘घोडे धष्टपुष्ट आहेत.’)

आता माझ्याकडे वळतो. मी त्या वर्षी एका फिल्म क्लबचा सभासद झालो होतो. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह असल्यामुळे तेव्हा गावात हवाच अशी होती की चार चित्रपट उपशीर्षकांसह पाहिलेल्या माणसाला दाढी आपोआप फुटायची. मलाही फुटली. मी ‘सिनेमा’ म्हणायचे सोडून ‘फिल्म’ म्हणू लागलो आणि ‘गोष्ट’ हा शब्द पार टाकून दिला. गोष्ट असलेल्या चित्रपटाची मला शिसारी येऊ लागली.

एकदा क्लबात एक युरोपीय चित्रपट दाखवला. त्यातला म्हातारा एका प्रसंगात मेला, त्याला पुरले, आणि पुढच्याच प्रसंगात तो खिडकीत बसून सूप प्यायला लागला. चर्चेच्या वेळी मी उठून उभा राहिलो. मृत्यू आणि जीवन यांच्यातील सीमारेषा पुसण्याचे दिग्दर्शकाचे हे धाडस, काळाच्या सरळ रेषेला दिलेले आव्हान, सूप हे प्रतीक, वगैरे मी सुमारे सात मिनिटे बोललो. तीन-चार दाढ्या गंभीरपणे हलल्या. तेवढ्यात मागच्या दारातून प्रोजेक्टरवाला डोके आत घालून म्हणाला, “साहेब, माफ करा. तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लागलं.”

मी खाली बसलो. पण त्यातून काही शिकलो असतो तर पुढचे झाले नसते.

त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ आला होता. कमी खर्चातला, ओळखीचे मोठे नाव नसलेला हा चित्रपट ‘शोले’च्या बरोबरीने धावत होता. बायका शुक्रवारचे उपास धरून, गूळ-फुटाण्याची पुडी घेऊन थिएटरात जात. चपला बाहेर काढत. पडद्यावर देवी आली की फुले आणि नाणी उधळत. आमच्या वाड्यातल्या सगळ्या बायका एके दिवशी दुपारच्या खेळाला गेल्या आणि त्यांच्याबरोबर आमची आईही गेली.

आई सिनेमाला गेली ही आमच्याकडे बातमीच होती. वडील मी नऊ वर्षांचा असताना गेले. त्यानंतर आम्ही दोघे भाऊ आणि आई काकांच्या घरात राहिलो, आणि त्या घरातला स्वयंपाक, पाणी, पाहुणारावळा आईने बारा वर्षे ओढला. मला नोकरी लागल्यावर आम्ही त्याच वाड्यात मागच्या अंगाला दोन खोल्या घेतल्या. त्या बारा वर्षांत तिने एकही सिनेमा पाहिला नव्हता. निदान पाहिला असल्यास आम्हाला माहीत नव्हते.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती चहा टाकत होती. चेहरा वेगळाच दिसत होता. मी विचारायच्या आधीच म्हणाली, “अरे, आज इतकं छान वाटलं. तूही बघून ये. आणि त्या दोघी जावा आहेत ना त्यात, त्या मात्र अगदी खऱ्या दाखवल्यात बघ.”

मी हसलो. कपबशी हातात घेऊन मी तिला विषय समजावून दिला. देवी कशी पुठ्ठ्याच्या ढगातून येते, चमत्कार कसे कॅमेरा थांबवून करतात, असली सोंगे फाळक्यांनी साठ वर्षांपूर्वी जास्त चांगली केली होती, आणि भाबड्या लोकांच्या श्रद्धेवर असे चित्रपट कसे पोसले जातात. शेवटी मी म्हणालो, “आई, याला चित्रपट म्हणत नाहीत.”

“नाही का?” ती म्हणाली. “मला कुठं काय कळतंय त्यातलं. फुटाणे घे.”

हे सगळे मी बोललो खरा, पण ‘जय संतोषी माँ’ मी पाहिला नव्हता. माझे मत क्लबातल्या एका मित्राचे होते. आणि त्यानेही तो पाहिला नव्हता, हे मला पुढे कळले.

त्या दिवसानंतर आई सिनेमांना पुष्कळ गेली. १९८० मध्ये माझे लग्न झाले, मग सासू-सुना मिळून जाऊ लागल्या. पण मी ‘कसा होता?’ विचारले की आई म्हणायची, “तू पाहिलास का? तुला कसा वाटला?” मी सांगायचो. “हो ना,” ती म्हणायची, “तसाच आहे.” माझी समजूत अशी की आईची अभिरुची सुधारत चालली आहे. मी एक-दोन मित्रांजवळ तसे बोलूनही दाखवले.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. पुण्यात प्रभात टॉकीजला तो जणू भाड्याने खोली घेऊनच राहिला होता. मूळ चित्रपट राजस्थानी, पण रडण्याला भाषा आड आली नाही. एस. टी. करून बायका यायच्या, आणि खेळ सुटला की बाहेर पडणाऱ्या गर्दीकडे पाहून एखाद्याला वाटावे आत काही अपघात झाला. अशा अपघातातून एका दुपारी आमची आईही बाहेर आली. मी तिला न्यायला स्कूटर घेऊन गेलो होतो. डोळे सुजलेले, नाक लाल, पदराचे टोक पिळून काढावे इतके ओले. मी स्कूटर सुरू केली आणि सहज विचारले, “कसा होता गं?”

मागच्या सीटवरून काही वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “फोटोग्राफी चांगली आहे.”

अप्पा बळवंत चौकात माझी स्कूटर बंद पडली. पेट्रोल होते.

आईने आयुष्यात कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. हा शब्द तिने कुठून आणला याचा शोध घ्यायची गरज नव्हती. सोळा वर्षे आमच्या घरात तो रोज जेवणाबरोबर वाढला जात होता. “आई, खरं सांग की,” मी म्हणालो. “अरे, खरंच चांगली आहे,” ती म्हणाली. “रंग कसे स्पष्ट दिसतात.” मी पुन्हा पुन्हा विचारले. रात्री जेवताना विचारले. शेवटी सौ.ने मला पानाखालून पाय मारला, तेव्हा गप्प बसलो.

आई १९९८ मध्ये गेली. त्यानंतर कधीतरी, एका सुट्टीच्या दुपारी, दूरदर्शनच्या कुठल्याशा वाहिनीवर ‘जय संतोषी माँ’ लागला आणि मी तो पहिल्यांदा पाहिला. माझे मत विचाराल तर पुठ्ठा तो पुठ्ठाच. चमत्कारांच्या बाबतीत मी १९७५ साली न पाहता जे बोललो होतो त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. देवलोकातले प्रसंग तर चहा करून यायला चांगले आहेत. पण नवरा परगावी गेल्यावर सत्यवती त्या घरात एकटी पडते, आणि त्या दोघी जावा तिच्यामागे जे लागतात! त्यांचे बोलणे, कामाला लावणे, तोंडाने गोड आणि हाताने ओरबाडणे. तो भाग पाहताना मी खुर्चीत सरळ झालो. आमच्या काकूंचा चेहरा मला तिथे दिसला. काकू आता नाहीत, आणि माणूस म्हणून त्या वाईट होत्या असेही नाही. पण आईने ज्या ताटात उरलेले वाढून घ्यायचे ते ताट मला आठवले. ते मी नऊ वर्षांचा असल्यापासून पाहत होतो आणि त्यावर माझे काहीच मत नव्हते.

सबंध चित्रपटात जे खरे होते त्यावर आईने एका वाक्यात बोट ठेवले होते. पन्नासेक दाढ्यांच्या क्लबात त्या वर्षी इतकी नेमकी समीक्षा कोणी केल्याचे मला स्मरत नाही. त्यावर मी तिला ढगाबद्दल सांगत बसलो.

हे मी कोणाला सांगितले नव्हते. फक्त त्यानंतर ‘फोटोग्राफी चांगली आहे’ हे मी म्हणत नाही. कोणी म्हटले तर त्याच्या तोंडाकडे नीट बघतो. डोळे सुजले आहेत का ते पाहतो.

२०२३ च्या जुलैत सौ. म्हणाली, “‘बाईपण भारी देवा’ला चला. आमच्या भिशीतल्या सगळ्या दोनदा जाऊन आल्या. मी तुमच्यासाठी थांबले.” माझ्यासाठी थांबली यात थोडी अतिशयोक्ती असावी, कारण तिला सगळी गाणी पाठ होती. आम्ही गेलो. तिकिटाचा आकडा पाहून मी मनातल्या मनात दोन आण्यांच्या नाटकाची चौकशी केली. आत सगळीकडे बायका. नऊवारी नेसून, गॉगल लावून, गजरे माळून घोळकेच्या घोळके आलेले. पुरुष आम्ही मोजून चौघे. एकमेकांकडे पाहून चुलत्यासारखे हसलो. पडद्यावर सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेची तयारी करत होत्या, आणि खुर्च्यांमधून त्यांना सूचना जात होत्या. “अगं, गुडघा सांभाळ!” माझ्या शेजारच्या आजी मोठ्याने म्हणाल्या. मध्यंतरात एका घोळक्याने पडद्यासमोर फुगड्या घातल्या. पंखा कोणाच्या डोक्यावर आहे हे पाहायची सोय आता राहिलेली नाही.

चित्रपटाबद्दल माझी मते होती. तीन होती. त्यातले एक पार्श्वसंगीताबद्दल होते आणि बरेच मुद्देसूद होते. लिफ्टमधून खाली येईपर्यंत ती माझ्या तोंडाशी आली होती. रिक्षात बसल्यावर सौ.ने विचारले, “काय हो, कसा वाटला?”

“तू सांग आधी,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे वळून पाहिले. मग माझ्या कपाळाला हात लावला.

“बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

“बरं आहे. तू सांग. तुला काय आवडलं?”

तिला खरे वाटायला अलका टॉकीजचा चौक यावा लागला. तिथून ती बोलायला लागली ती घर आले तरी थांबेना. रिक्षावाल्याने मीटर बंद केला आणि तो मागे वळून ऐकत बसला. मधेच म्हणाला, “वहिनी, आमच्या घरीपण हेच चाललंय.” सौ.ने त्याला सिनेमातल्या सहाही बहिणींची नावे सांगितली, त्यांतली कोणती आपली थोरली नणंद आणि कोणती आपण स्वतः तेही सांगितले. आपण म्हणून जी तिने सांगितली ती मी कधीच ओळखली नसती.